सोबतीचे नाव

"हवालदार," वाल्मीक म्हणाला, आणि यशोदाबाईंना प्रथम वाटले की त्याला प्रश्नच कळलेला नाही.

प्रश्न इतकाच होता की मुंबईला जाताना तुझ्यासोबत कोण यावे. विमलाताईंनी तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारला होता आणि मग टेबलावर हात ठेवून त्या स्वस्थ बसल्या होत्या. वाल्मीक खडू बनवायला जाई त्या कार्यशाळेच्या लांबट खोलीत साच्यांतून नुकत्याच काढलेल्या खडूंचा ओलसर वास भरून राहिला होता. खिडकीखाली फळ्यांवर पांढऱ्या खडूंच्या ओळी वाळत पडल्या होत्या. यशोदाबाई भिंतीलगतच्या बाकावर, मुलाच्या पाठीमागे बसल्या होत्या. पालकांनी मागे बसायचे, असे विमलाताईंनी आल्याआल्याच हसत सांगितले होते, आणि बाई स्वतः नगरपालिकेच्या शाळेत शिकवत असल्यामुळे वर्गाची शिस्त म्हणून त्यांनी ते निमूटपणे मानलेही होते. त्यामुळे त्यांना दिसत होती ती फक्त वाल्मीकची रुंद मान आणि त्यांनीच सकाळी तेल लावून चापून बसवलेले केस. उत्तर त्या मानेकडून आले. सव्वीस वर्षांत ही मान त्यांनी शेकडो वेळा धुतली होती, पुसली होती. तिच्यात काही वेगळे शिजत असेल असे मात्र त्यांना कधी वाटले नव्हते.

आपला चेहरा समोर असता तर ते उत्तर आलेच नसते, हेही त्यांना त्याच क्षणी कळले. वाल्मीक लहानपणापासून त्यांच्या ओठांवरून उत्तरे देत आला होता. दवाखान्यात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात कोणी विचारावे, काय रे, नाव काय तुझे, आणि त्याने गप्प राहावे. त्या गप्पपणाची लांबी आणि तेवढ्या वेळात समोरच्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उगवणारे ते समजूतदार हसू यशोदाबाईंना सोसत नसे. मग त्या विचारणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहू लागल्या. आवाज न करता ओठ हलवायच्या, तो पाहायचा आणि म्हणायचा. पुढे पुढे त्याला नुसती ओठांची ठेवण पुरू लागली. वर्गात एकमेकांना ओठांनी उत्तर पुरवणाऱ्या पोरांना बाकावर उभे करणाऱ्या बाईंनी घरी आपल्या मुलाला हीच विद्या शिकवली होती, आणि ती त्याच्याइतकी कोणालाच साधली नव्हती. नातेवाईक म्हणत, पोरगा बोलतो की चांगला. बोलतो, बाई म्हणत, आणि त्या सुखात एक बारीकशी कच राहून जाई, भाकरीच्या पिठात राहते तशी.

विमलाताईंनी "हवालदार म्हणजे कोण?" असे विचारले नसते तर गोष्ट तिथेच हसण्यावारी गेली असती. पण त्यांनी विचारले, आणि वाल्मीकने इंदिरानगरात आपल्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या खंडेरावांचे नाव नीट सांगितले. पुढे "कॅरम" असेही सांगितले. विमलाताई पुण्याहून समाजकार्य शिकून आलेल्या, वयाने वाल्मीकपेक्षाही लहान. त्यांनी त्याच्या खांद्यावरून मागे बाईंकडे पाहिले, आणि त्या नजरेत बाईंना आनंद दिसला. त्याचा त्यांना राग आला.

मुंबईच्या एका न्यासाने त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, एक मेळावा भरवायचे ठरवले होते. ज्यांच्याविषयी आजवर डॉक्टर बोलले, शिक्षक बोलले, आईबाप बोलले, त्या मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी तिथे स्वतः बोलायचे होते: कोणते काम आवडते, कोणते नाही, कुठे राहावेसे वाटते. दोन दिवसांत त्यांना सभेत उभे राहायला, प्रश्न विचारायला, आपले तिकीट आपण काढायला शिकवणार होते. ज्यांना प्रवास परवडणार नाही अशांसाठी न्यासाने थोडी मदत ठेवली होती, एका माणसाच्या आणि त्याच्या एका सोबत्याच्या जाण्याराहण्यापुरती. अट एकच होती, सोबती कोण ते जाणाऱ्याने सांगायचे. ती अट विमलाताईंनी मागच्या आठवड्यात वाचून दाखवली तेव्हा यशोदाबाईंनी मान डोलावली होती, लग्नाच्या पत्रिकेतल्या 'सहकुटुंब' या शब्दाला आपण डोलावतो तशी. मुख्याध्यापकांच्या कानावर त्यांनी रजेचे घातलेही होते. ट्रंकेतून निळी साडी काढून ती दोन दिवस दांडीवर हवेशीर टाकली होती.

घरी परतताना बसमध्ये वाल्मीक खिडकीशी बसला आणि बाहेर दुकानांच्या पाट्या सरकत राहिल्या. यशोदाबाई त्याच्या मनगटाभोवती नेहमीची बोटे ठेवून बसल्या होत्या आणि आपल्याला नेमके कशाचे दुःख झाले आहे ते चाचपून पाहत होत्या. मुलाने आपल्याला नाकारले याचे, असे म्हणणे सोपे होते. पण तळाशी हात गेला तेव्हा लागला तो समुद्र. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. नाशिकपासून मुंबई किती जवळ, शाळेतल्या सगळ्या शिक्षिका कधी ना कधी जाऊन आलेल्या, आणि भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी शिकवताना आपण दरवर्षी न पाहिलेल्या पाण्याविषयी बोलतो हे त्यांना एकटीलाच ठाऊक होते. पाणी मागे जाते तेव्हा पायाखालची वाळू सरकते म्हणतात. ती कशी सरकत असेल, हा विचार मागचा आठवडाभर त्यांच्या तळव्यांना गुदगुल्या करीत होता, आणि पन्नाशीला टेकलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाईला हे शोभते का, असे मनाशी म्हणत त्या तो पुन्हा पुन्हा बोलावून घेत होत्या. मुलासोबत जायचे हे खरे. पण त्या 'सोबत'च्या आडून त्या स्वतःच चालल्या होत्या. न्यासाच्या मदतीत त्यांनी आपला वाटा गुपचूप धरला होता.

असेच एकदा जायचे राहिले होते. त्रेसष्ट साली पुण्याला बालशिक्षणाचे तीन महिन्यांचे शिबिर होते आणि नाशिकमधून ज्यांना निवडले त्यांत त्यांचे नाव होते. वाल्मीक दोन वर्षांचा होता. त्याला झटके येत. नवरा, पुंजाराम, म्हणाला होता, "तू जा. मी हाये ना." तो रेल्वेत फिटर होता, हात मोठे आणि खरबरीत, पण पोराला धरताना ते एकदम हलके होत. यशोदाबाईंनी त्या हातांकडे पाहिले होते आणि त्यांना वाटले होते, झटका आला की हा घाबरेल, चमचा दातांत द्यायला विसरेल. त्या गेल्या नाहीत. त्यानंतर पुंजारामने पोराला आपण होऊन उचलून घेणे कमी केले. हे त्यांच्या ध्यानात आले ते फार उशिरा, त्याच्या शेवटच्या आजारपणात, जेव्हा वाल्मीक खाटेजवळ जायला तयार होईना आणि पुंजाराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "असू दे. त्याला माझी सवय नाय." आता बसमध्ये बोटांखाली वाल्मीकची नाडी लागत होती, संथ, कसलीही घाई नसलेली, आणि त्यांना पहिल्यांदाच वाटले की पुण्याला जायला आपल्याला कोणी अडवले नव्हते.

खंडेराव दाराबाहेर खाटेवर बसून कॅरमच्या सोंगट्या फडक्याने पुसत होते. देवळालीच्या तोफखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली होती आणि त्यांच्यासोबत डावा कान पुरता व उजवा अर्धा. बायको गेल्यावर गावी भावांशी पटले नाही म्हणून ते इथे खोली घेऊन राहिले. बाईंना त्यांची बिडी आवडत नसे आणि खोल्यांच्या साऱ्या ओळीला ऐकू जाणारे त्यांचे बोलणेही. तरी शाळेतून यायला उशीर झाला की वाल्मीक त्यांच्याकडे बसे, आणि बाई कोपऱ्यावर वळल्या की आधी त्यांना ऐकू येई तो वाल्मीकचा आवाज. घरात तो पुटपुटे. तिथे तो ओरडे. मधेच खंडेराव, "काय म्हनलास? परत बोल," असे गरजत आणि वाल्मीक पुन्हा पहिल्यापासून सांगे. बाईंना वाटे, म्हातारा पोराला उगाच दमवतो.

त्यांनी खंडेरावांना झाला प्रकार सांगितला. त्यांनी फडके खाली ठेवले आणि उजवा कान पुढे केला.

"काय म्हनलात?"

त्यांनी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने.

"परत एकदा, बाई. ह्यो कान लय हरामी हाय."

तिसऱ्यांदा सांगताना त्यांच्या लक्षात आले की पहिल्या वेळीच ऐकू गेले होते. म्हाताऱ्याच्या गालाची एक शीर थरथरत होती. मग ते एकदम हसले आणि म्हणाले, "त्याला मानूस वळखता येत नाय, दुसरं काय. हितं रोज कॅरमवर हरवतो मला, आता मुंबैत नेऊन हरवनार." वाल्मीक हसला. खंडेराव थोडा वेळ सोंगट्या लावीत राहिले आणि मग आवाज त्यांच्या परीने खाली आणून म्हणाले, "तुमीच जा, बाई. आईवानी सोबत कुठली? मी समजावतो त्याला. माझं ऐकतो तो." बाईंचा नकार गृहीत धरून आधीच माघार घेतलेल्या माणसाचा तो स्वर होता, आणि यशोदाबाईंना त्याची किंमत कळत होती, तरी त्या नाही म्हणाल्या नाहीत. मीच बघते, एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिले तर खंडेरावांचा जुना लष्करी कोट दोरीवर उन्हात टांगलेला होता. त्यांना पाहून म्हातारा कोटाला कसर लागली म्हणून काहीतरी बोलला. न विचारताच बोलला.

रविवार तसाच गेला. जेवताना वाल्मीक समोर बसला होता आणि त्याला नुसते विचारायचा अवकाश होता: मी येऊ ना रे मुंबईला? तो 'ये' म्हणाला असता. यशोदाबाईंनी घास हातात धरून ठेवला आणि विचारले नाही, कारण ते उत्तर कुठून आले असते ते त्यांना ठाऊक होते. विहिरीत आपणच हाक मारावी आणि आत कोणी आहे असे समजावे, तसे ते झाले असते. उलट दुसरा विचार मात्र त्यांनी सरळ, बिनदिक्कत केला. खंडेरावांना ऐकू येत नाही. स्टेशनावर गाडीची घोषणा झाली, गर्दीत वाल्मीकने हाक मारली, त्याला पुन्हा झटका आला आणि तो पाठीमागे पडला, तर? ही काळजी खोटी नव्हती. तिच्या आत निळी साडी घडी करून ठेवलेली होती, हेही खोटे नव्हते.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या कार्यशाळेत गेल्या आणि विमलाताईंना त्यांनी सगळे व्यवस्थित समजावून सांगितले. विमलाताईंनी ऐकून घेतले. म्हणाल्या, अडचण खरी आहे, बाई, आणि ती त्यालाही सांगितली पाहिजे. मग तो म्हणेल तसे. त्यांनी वाल्मीकला हाक मारली. तो साच्यापाशी काम करीत होता. कोपरापर्यंत पांढरा होऊन आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. या वेळी पालकांनी कुठे बसायचे याचा विमलाताईंना विसर पडला असावा. यशोदाबाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या, वाल्मीकच्या अगदी समोर. विमलाताईंनी विचारले, आता तुझ्यासोबत कोण यावे, आणि वाल्मीकने उत्तरासाठी वर पाहिले. विमलाताईंकडे नव्हे. त्याचे डोळे बाईंच्या ओठांवर येऊन थांबले, शांत, विश्वासाने, बोट धरायला हात पुढे यावा तसे.

आपण ओठ हलवणार नाही असे त्यांनी ठरवले होते, असे त्यांना पुढे कितीदा तरी वाटले. पण तो गप्प राहिला. ती गप्पपणाची लांबी, ती जुनी, न सोसणारी, खोलीभर पसरत गेली; खिडकीशी काम करणारी एक मुलगी हात थांबवून पाहू लागली; आणि यशोदाबाईंचे ओठ त्यांना न विचारता उघडले. आई. किती सोपा शब्द. त्याने म्हटलेला पहिला शब्द तोच होता, तोही त्यांच्या ओठांवरून.

"आई," वाल्मीक म्हणाला.

विमलाताईंनी मान खाली घातली. त्या काही बोलणार तेवढ्यात वाल्मीकने हाताचा पांढरा तळवा टेबलावर ठेवला, थांबा म्हणावे तसा, आणि बोलायला लागण्याआधी त्याच्या गळ्यात जी हालचाल होई ती सुरू झाली.

"आई म्हणते, आई," तो म्हणाला. "मी म्हणतो, हवालदार."

तो रागावलेला नव्हता. फळ्यावरचे वाचून दाखवावे आणि मग पाटीवरचे, इतक्या साधेपणाने त्याने दोन्ही सांगितले होते. इतकी वर्षे मायलेकांत असलेली ती गोष्ट त्याने अशी सहज उजेडात आणून ठेवली होती, आणि तो ती पहिल्यापासून ओळखून होता. त्याला ठाऊक होते, उत्तर कोणाचे असते ते. विमलाताईंनी हळूच सांगितले, पण वाल्मीक, हवालदारांना ऐकू येत नाही ना. तेव्हा त्याचा चेहरा उजळला, जणू समोरच्याला अखेर मुद्दा कळला.

"ऐकू येत नाही," तो म्हणाला. "मग मी सांगतो. मोठ्यानं. मला सांगावं लागतं."

जायच्या सकाळी नाशिकरोड स्टेशनवर खंडेराव कोट घालून, दाढी खरडून, मिशीला तेल लावून उभे होते. पंचवटी एक्सप्रेस यायची होती. यशोदाबाईंनी गोळ्यांची पुडी, झटका आला तर काय करायचे, पत्ता, सगळे दोघांना पुन्हा सांगितले. खंडेरावांना मोठ्याने, वाल्मीकला हळू. मग घोषणा झाली. खंडेराव दुसरीकडेच पाहत होते. वाल्मीकने त्यांची बाही ओढली आणि तो इतक्या जोराने म्हणाला, "हवालदार, गाडी!" की चार माणसांनी वळून पाहिले. नेहमी अशा वेळी बाईंना जमिनीत शिरावेसे वाटे. त्या दिवशी त्यांनी फक्त पाहिले, की तो पुढे आहे आणि म्हातारा त्याच्या मागे.

त्यानंतरचे दोन दिवस यशोदाबाईंना पुढे कधी नीट आठवले नाहीत. शाळेत त्या गेल्या, शिकवले. येताना बसमध्ये उजवा हात मांडीवर उताणा पडलेला त्यांना दिसला आणि तो कुठे ठेवायचा ते कळेना. घरी आल्यावर वेळ उरू लागला. त्यांनी डाळ निवडली, निवडलेलीच पुन्हा निवडली. संध्याकाळी त्या बाहेर पडल्या आणि त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढून गेल्या. वरून शहर दिसत होते आणि पलीकडे मुंबईकडे जाणारा रस्ता, उन्हात तापून फिका झालेला. या पायऱ्यांवर वाल्मीकला घेऊन त्या कितीदा आल्या होत्या, पण दर वेळी पायांकडे पाहत, त्याच्याही आणि आपल्याही. इथून इतके दूरचे दिसते हे त्यांना ठाऊक नव्हते. वाऱ्याने पदर उडत होता. आता तो काय करीत असेल? उभा राहिला असेल का? कोणी विचारले असेल आणि त्याने समोर पाहिले असेल, तेव्हा तिथे कोणाचे ओठ असतील? समुद्र त्यांना आठवला, पण त्याचे काही वाटले नाही, आणि मग एकदम फार वाटले. कारण त्या क्षणी वाल्मीक कदाचित त्या पाण्यात उभा होता, त्याच्या पायाखालची वाळू सरकत होती, आणि ते कसे लागते हे या घरात आता त्यालाच ठाऊक असणार होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघे परत आले. खंडेरावांचा आवाज ओळीच्या टोकापासून ऐकू आला. उंबऱ्यात पोचण्याआधीच ते सांगू लागले, की बाई, ह्यानं मला हरवलं नाय, मीच हरवलो होतो दादरच्या पुलावर, आन् ह्यानं माघारी येऊन हाताला धरून नेलं. सगळ्या शेजाऱ्यांना त्यांनी हे दोनदोनदा सांगितले. वाल्मीक सभेत उभा राहिला, माइकपाशी गेला, चांगला मोठ्याने बोलला, हेही सांगितले.

यशोदाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि विचारले, "काय बोलला?"

खंडेरावांनी पाणी पिऊन मिशा पुसल्या. त्यांचा चेहरा ओशाळा झाला.

"मला कुठं ऐकू येतंय, बाई? लय लांब बसलो होतो. टाळ्या तेवढ्या दिसल्या."

ते आपल्या खोलीकडे गेले. वाल्मीक भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा उन्हाने रापला होता, केस विस्कटलेले होते, आणि शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात होते. बाईंचा हात तिकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी त्याला विचारले, तू तिथे काय बोललास?

"मी म्हणालो," वाल्मीकने सुरुवात केली आणि तो थांबला.

आजवर त्याचे प्रत्येक वाक्य त्यांनी पुरे केले होते. शब्द सवयीने तोंडाशी आले, खडू आवडतो, काम आवडते, आई आवडते, आणि यांतला एकही त्या टाळ्यांपर्यंत पोचत नव्हता. त्यांना ठाऊक नव्हते. भरलेल्या एका सभागृहाला ते ठाऊक होते आणि त्यांना नव्हते. वाल्मीक त्यांच्याकडे पाहत नव्हता. उघड्या दारातून बाहेर कुठेतरी त्याची नजर लागली होती, आणि त्यांना न दिसणाऱ्या कशाला तरी तो हसत होता. त्याच्या गळ्यात ती हालचाल सुरू झाली, विरली, पुन्हा सुरू झाली. यशोदाबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले, ओठ घट्ट मिटले आणि त्या ऐकत राहिल्या.